स्किल लॅबचं सामान : रबरी हात, रंगीत झाकणं आणि ईसीजीचं यंत्र

नर्सिंग कॉलेज असो, डीएमएलटीचा (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाचा) वर्ग असो की ईसीजी टेक्निशियनचा कोर्स, स्किल लॅबचं, म्हणजे हाताने सराव करायच्या खोलीतलं टेबल साधारण एकसारखंच मांडलेलं असतं. एका टोकाला रबरी कातडीचा हात, त्याच्या पुढ्यात रंगीत झाकणांच्या नळ्यांचा ट्रे, दुसऱ्या टोकाला तीन चॅनेलचं, म्हणजे एका वेळी तीन लहरी छापणारं ईसीजी यंत्र आणि त्याला खोट्या लहरी पुरवणारी तळहाताएवढी पेटी. बनवणाऱ्या कंपन्या अनेक, पण घडण इतकी सारखी की इथे एखाद्या मॉडेलचं नाही, त्या जातीच्या साधनाचंच परीक्षण केलं आहे. कसोटी एकच लावली. शिकणाऱ्याच्या हातून चूक झाली की साधन ती तिथल्या तिथे दाखवतं, की पोटात घालतं?

रबरी हात

दिसायला सगळ्यात भारी आणि या कसोटीवर सगळ्यात कच्चा. आत फोमचा किंवा प्लॅस्टिकचा गाभा, त्यावरच्या खाचांत बसवलेल्या रबरी नळ्या म्हणजे नसा, आणि वरून मोज्यासारखी चढवलेली कातडी. लाल पाण्याची पिशवी स्टँडला टांगायची, तिची नळी हाताच्या एका तोंडाला जोडायची, दुसऱ्या तोंडातून हवा निघून सलग पाणी येऊ लागलं की चिमटा लावायचा. ही हवा काढायची पायरी घाईत सुटते. मग सुई नेमकी नसेत असूनही नळीत फेस येतो आणि शिकणारा उगाच सुई हलवत बसतो. भरताना हात थोडा उभा धरून कातडीवरून बोटं फिरवली की बुडबुडे वर सरकतात.

हा हात एक गोष्ट फार चांगली शिकवतो, ती म्हणजे होल्डर (सुईच्या मागचा, रक्ताची नळी ज्यात ढकलतात तो प्लॅस्टिकचा धारक) अचल ठेवणं. सुईचं तिरकं तोंड वर, कोन १५ ते ३० अंश, टोचायच्या जागेच्या खाली अंगठ्याने ताणून धरलेली कातडी, हे पुस्तकातून कळतं. पण सुई नसेत गेल्यावर नळी आत ढकलताना सुई पुढे सरकून नसेच्या पलीकडे जाते, आणि नळी बदलताना मागे ओढली जाऊन बाहेर येते. ते कुठल्याही पुस्तकातून कळत नाही. होल्डर धरलेल्या हाताची बोटं पेशंटच्या हातावर टेकलेली हवीत. दुसऱ्या हाताची दोन बोटं होल्डरच्या कडांना अडकवायची आणि अंगठ्याने नळी ढकलायची. काढताना अंगठा होल्डरच्या कडेवर रोवून नळी बाहेर घ्यायची. तीन नळ्या भरून होईपर्यंत सुई जागची हलली नाही, असं सलग दहा वेळा जमेस्तोवर रबरी हात सोडू नये.

बाकी जे काही आहे ते हा हात पोटात घालतो. पहिलं, टूर्निकेट, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा. इथली नस कायम टम्म फुगलेली असते; पट्टा बांधा, नका बांधू, वर बांधा, खाली बांधा, फरक शून्य. माणसाच्या हातावर तो कोपराच्या लवणीपासून ७ ते १० सेंटिमीटर वर बसतो आणि एका मिनिटाच्या आत सुटायला हवा. त्याहून जास्त राहिला की रक्तातलं पाणी नसेबाहेर झिरपतं, मागे राहिलेलं रक्त दाट होतं, आणि प्रथिनं, कॅल्शियम, पेशींचे आकडे खोटे वाढतात. त्यात पेशंटला मुठीची उघडझाप करायला लावली तर पोटॅशियमही चढतं. मूठ एकदा हलकेच मिटून धरायला सांगितली की पुरे. नस शोधायलाच वेळ लागत असेल तर पट्टा सोडा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा बांधा.

दुसरं, सुटका. रक्त वाहायला लागलं की पट्टा सोडायचा, शेवटची नळी होल्डरमधून काढायची, कापूस किंवा गॉज टोचलेल्या जागेवर नुसता ठेवायचा, सुई बाहेर घ्यायची आणि मगच दाबायचं. पट्टा बांधलेला असताना सुई काढली तर माणसाच्या कातडीखाली बघता बघता टेंगूळ येतं. रबरी हातावर फक्त दोन थेंब गळतात, तेही टेबलाच्या टॉवेलवर. सुई आत असतानाच कापूस जोरात दाबला तर माणूस कळवळतो. रबर हूं की चूं करत नाही. आणि "कोपर घट्ट दुमडून ठेवा" हा सल्ला तर सर्रास दिला जातो, तो चुकीचा आहे. हात सरळ ठेवून दोन-तीन मिनिटं दाबायचं. कोपर दुमडलं की भोकावर नीट दाब बसत नाही आणि सरळ केल्यावर रक्त पुन्हा सुटतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जास्त वेळ.

तिसरं, शेजारपाजार. रबरी हातात दोन-तीन नसा असतात आणि त्यांच्या आजूबाजूला फोम. माणसाच्या कोपराच्या लवणीत मधली नस आधी बघायची, कारण ती ठळक असते आणि फारशी सरकत नाही. ती नाही मिळाली तर अंगठ्याच्या बाजूची. करंगळीच्या बाजूची सगळ्यात शेवटी, कारण तिच्या जवळून धमनी आणि मज्जातंतू जातात. ती दिसायला छान फुगलेली असते म्हणून नवशिके नेमके तिच्यावरच जातात. बोटांपर्यंत विजेसारखी कळ गेली असं पेशंट म्हणाला तर सुई त्या क्षणी बाहेर. लालभडक रक्त ठोक्याठोक्याने येत असेल तर तेही बाहेर, किमान पाच मिनिटं घट्ट दाब, आणि सिस्टरांना किंवा डॉक्टरांना लगेच सांगणं. आत सुई फिरवून नस शोधायची नाही. दोनदा जमलं नाही तर तिसऱ्यांदा दुसऱ्या कुणी टोचायचं, हा नियम पेशंटइतकाच शिकणाऱ्याच्याही भल्याचा.

शिकवणाऱ्यांना एवढं करता येतं. पाण्याची पिशवी खाली घ्या म्हणजे दाब कमी होऊन नस मऊ लागेल. हात टेबलावर मोकळा न ठेवता कुणाच्या तरी मांडीवर ठेवा, आणि त्या माणसाला नाव विचारण्यापासून "चक्कर येतेय का" विचारण्यापर्यंतचं सगळं संभाषण करायला लावा. स्पिरिट इथे लागत नाही म्हणून लोक तीही पायरी गाळतात. ओल्या बोळ्याने पुसायला लावून ३० सेकंद मोजून घ्या. खऱ्या हातावर ७० टक्क्यांचं स्पिरिट न वाळता टोचलं तर आग होते, रक्तपेशीही फुटू शकतात. फुंकर मारून वाळवायचं नाही, पुसल्यावर बोटाने पुन्हा चाचपायचं नाही.

खरेदीच्या वेळी हाताच्या किमतीपेक्षा जादा कातडी आणि जादा नळ्या किती मिळतात, आणि संपल्यावर त्या सुट्या मिळतात का, हे विचारा. दोन-तीन तुकड्यांच्या सरावानंतर कातडीवर भोकांची रांग दिसू लागते, आणि मग शिकणारा नस चाचपत नाही, भोकावर नेम धरतो. त्या दिवसापासून तो हात शिकवेनासा होतो. २१, २२ किंवा २३ गेजच (गेज म्हणजे सुईच्या जाडीचा आकडा, मोठा तितकी सुई बारीक) वापरा. जाड सुयांनी कातडी लवकर फाटते. बोथट सुई पुन्हा पुन्हा वापरणं हा खोटा काटकसरीपणा आहे, कारण तिला लागतो तो जोर हाताला सवयीचा होतो आणि खऱ्या कातडीवर सुई सपकन पलीकडे जाते. इथे वापरलेली सुई माणसाजवळ नेऊ नये, माणसाला वापरलेली इथे आणू नये. वर्ग संपला की पाणी काढून, साध्या पाण्याने धुऊन, नळ्या रिकाम्या करून ठेवा. नाहीतर पावसाळ्यात आत काळी बुरशी धरते. हात वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई कातडीत कायमची उतरते. कातडी लॅटेक्सची असेल तर त्याची ॲलर्जी असलेल्यांना आधी सांगायला हवं.

रंगीत झाकणं

निर्वात नळ्या, म्हणजे ज्यांना सगळे सरसकट व्हॅक्युटेनर म्हणतात त्या, या टेबलावरचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हुशार सामान. चूक त्या दाखवतात, फक्त उशिरा आणि दुसऱ्याच्या टेबलावर. सॅम्पल लॅबमध्ये पोचून मशीनवर लागतं, तेव्हा.

नळ्या भरायचा क्रम पाठ असतो, कारण माहीत नसतं. आधी ब्लड कल्चरच्या (रक्तातले जंतू वाढवून बघायच्या) बाटल्या, मग फिकट निळं झाकण, मग लाल किंवा पिवळं, मग हिरवं, मग जांभळं, शेवटी राखाडी. कल्चर आधी, कारण इतर नळ्यांच्या झाकणांवरचे जंतू तिथे जायला नकोत. बाकीचा क्रम आधीच्या नळीतलं औषध सुईवाटे पुढच्या नळीत जाऊ नये म्हणून. जांभळ्या झाकणात पोटॅशियमयुक्त ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. त्याचा अंश लाल नळीत गेला की रिपोर्टमध्ये पोटॅशियम जास्त आणि कॅल्शियम कमी येतं. अनुभवी लॅबवाल्याला ही जोडी बघताच कळतं की बिघाड पेशंटमध्ये नाही, नळ्यांच्या क्रमात आहे. जांभळ्या नळीत जास्त झालेलं रक्त लाल नळीत ओतणारे महाभागही भेटतात. त्यांनी वरचं पोटॅशियमचं वाक्य पुन्हा वाचावं.

फिकट निळी नळी सगळ्यात नाठाळ. तिच्यात ३.२ टक्के सोडियम सायट्रेट, आणि प्रमाण एका भागाला नऊ भाग रक्त. २.७ मिलिलिटरच्या नळीत ०.३ मिलिलिटर द्रव आधीच असतो. रक्त खुणेपर्यंत गेलं नाही तर सायट्रेट जास्त पडतं आणि पीटी, एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या चाचण्यांचे आकडे) खोटे लांबतात. बटरफ्लाय सुईने काढताना तर हे हमखास होतं, कारण तिच्या लांब नळीतली हवा आधी आत शिरते आणि तेवढं रक्त कमी येतं. त्यावर उपाय म्हणजे आधी एक टाकाऊ नळी लावून हवा काढून घ्यायची आणि मग निळी लावायची. टाकाऊ नळी साधी किंवा निळीच हवी, जांभळी नव्हे.

नळी भरली की उलटीसुलटी करायची. निळी तीन-चार वेळा, गोठवणारं रसायन असलेली लाल-पिवळी पाच, हिरवी, जांभळी आणि राखाडी आठ ते दहा. एक वेळ म्हणजे पूर्ण उलटी करून परत सरळ. खोकल्याच्या औषधाची बाटली हलवतात तशी हलवली तर पेशी फुटतात. न हलवता ट्रेमध्ये टाकली तर सीबीसीच्या (रक्तपेशी मोजण्याच्या चाचणीच्या) नळीत बारीक गुठळ्या होतात, प्लेटलेट खोट्या कमी येतात आणि पेशंटला पुन्हा टोचावं लागतं. सरावाच्या लाल पाण्याची इथे मोठी पंचाईत आहे: ते गोठत नाही. हलवलं काय, न हलवलं काय, सारखंच दिसतं. म्हणून सरावात मोजणी मोठ्याने करायला लावणं एवढंच हाती उरतं. जमल्यास रुग्णालयाच्या लॅबमधून एखादी गुठळी झालेली आणि एखादी हिमोलाइज झालेली, म्हणजे पेशी फुटून वरचं पाणी (सीरम) लालसर झालेली नळी नावं झाकून दाखवायला मागावी. एका नळीने जे कळतं ते अख्ख्या व्याख्यानाने कळत नाही.

हिमोलाइज होण्याची कारणं बहुतेकदा हातातच असतात. सिरिंजचा दट्ट्या जोराने ओढणं, फार बारीक सुई, न वाळलेलं स्पिरिट, आणि सिरिंजमधलं रक्त सुईसकट झाकणातून नळीत दाबून भरणं. हे शेवटचं आपल्याकडे फार चालतं, आणि त्यात सुई हाताला लागण्याचा धोकाही आहे. सिरिंजनेच काढायचं असेल तर रक्त नळीत सोडण्याचा ट्रान्सफर होल्डर वापरा आणि नळीला तिच्या निर्वाताने हवं तेवढं ओढू द्या. दट्ट्यावर अंगठा नको. तो होल्डर नसेल तर सुई आधी कटरमध्ये तोडून, झाकण उघडून, कडेने हळू सोडा.

आता साठवण. या नळ्यांवर तारीख असते ती रसायनाइतकीच निर्वातासाठी. प्लॅस्टिकमधून हवा हळूहळू आत झिरपते, निर्वात कमी होतो, नळी कमी भरते. बहुतेक नळ्यांच्या खोक्यावर ४ ते २५ अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं, आणि नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या स्टोअररूममध्ये तो आकडा म्हणजे थट्टाच. अशा नळ्यांचा दोष शिकणाऱ्यावर येतो. सुई नसेत असते, नळी ओढतच नाही, पोरगी घाबरून सुई आणखी आत घालते. रक्त आलं नाही तर पहिल्यांदा नळी बदलून बघायची, सुई नंतर. सरावाला मुदत संपलेल्या नळ्या द्यायला हरकत नाही, पण तसं सांगून द्या, आणि त्या वॉर्डाच्या साठ्यात मिसळू देऊ नका.

लेबल रक्त काढल्यानंतर, पेशंटसमोर, नळीवर. आधी लावून ठेवलेल्या नळ्यांनीच अदलाबदल होते. "तुम्ही सुनंदाबाई ना?" असं विचारलं तर गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारायचं आणि उत्तर केसपेपरशी, शिवाय नोंदणी क्रमांकाशी किंवा जन्मतारखेशी ताडून बघायचं. सलाईन चालू असलेल्या हातातून, डायलिसिसचा फिस्टुला (शस्त्रक्रियेने धमनीला जोडलेली नस) असलेल्या हातातून, आणि स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूने विचारल्याशिवाय घ्यायचं नाही.

या ट्रेसोबत पांढरी, न टोचणारी शार्पची (सुयांसारख्या टोकदार कचऱ्याची) डबी आली नसेल तर ट्रे अपुरा समजा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे सुया पांढऱ्या डब्यात, सुईविना सिरिंज, नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. डबा उजव्या हाताशी, पोचेल एवढ्या अंतरावर. सुईला टोपण परत लावायचं नाही. आणि लागलीच सुई, तर साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, लगेच कळवायचं. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध जितक्या लवकर तितकं चांगलं, दोन तासांत मिळालं तर उत्तम, आणि ७२ तासांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत. लाजून घरी जाणारे विद्यार्थी हाच वेळ घालवतात.

ईसीजीचं यंत्र

तीन चॅनेलचं यंत्र शिकायला आम्हाला बारा चॅनेलच्यापेक्षा बरं वाटतं. ८० मिलिमीटर रुंदीची पट्टी, तीन-तीनच्या चार गटांत बारा लीड, म्हणजे हृदयाच्या विजेची बारा बाजूंनी टिपलेली चित्रं. गट बदलताना थांबून बघायची सवय लागते. मोठं यंत्र एका पानावर सगळं एकदम ओकतं आणि शिकणारा ते न बघताच फाडतो.

चूक दाखवण्यात हे यंत्र प्रामाणिक आहे, फक्त त्याची भाषा यायला हवी. सुरुवातीला छापला जाणारा चौकोनी ठोकळा १० मिलिमीटर उंच असायला हवा, म्हणजे १ मिलिव्होल्ट. ५ मिलिमीटरचा दिसला तर यंत्र अर्ध्या उंचीवर आहे, आणि मोठ्या लहरी बघून काही यंत्रं हे आपणहून करतात. कागदाचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर. म्हणजे लहान चौकोन ०.०४ सेकंद, मोठा ०.२ सेकंद. ५० वर चुकून राहिलं तर ठोके निम्मे मोजले जातात आणि सगळं ऐसपैस दिसतं. लय नियमित असेल तर दोन ठोक्यांमधले मोठे चौकोन मोजून ३०० ला भागा. वेडीवाकडी असेल तर तीस मोठ्या चौकोनांतले ठोके मोजून दहाने गुणा.

वायर दहा, लीड बारा. आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांवर उजव्या हाताला लाल, डाव्या हाताला पिवळी, डाव्या पायाला हिरवी, उजव्या पायाला काळी. म्हणजे उजव्या हातापासून सिग्नलच्या दिव्यांसारखं लाल, पिवळं, हिरवं. अमेरिकी रंगपद्धतीची केबल आली तर मात्र गोंधळ, कारण तिथे उजव्या हाताला पांढरी, डाव्याला काळी, डाव्या पायाला लाल आणि उजव्या पायाला हिरवी. केबल बदलली की रंगावर न जाता वायरवर छापलेली अक्षरं वाचावीत.

लाल-पिवळी उलटी लागली की लीड एकमध्ये सगळं डोक्यावर पडतं आणि एव्हीआर या लीडमध्ये उभं राहतं. हृदय उजवीकडे असलेल्या माणसातही लीड एक उलटी येते, पण त्याच्या छातीच्या लीडमध्ये व्ही १ पासून व्ही ६ कडे लहरी लहान होत जातात. वायर चुकलेल्याच्या छातीच्या लीड जशाच्या तशा असतात. लीड दोन जवळजवळ सपाट, बाकी ठीक? मग उजव्या हाताची आणि उजव्या पायाची वायर तपासा.

छातीवरच्या जागा हा खरा कस. गळ्याच्या खळगीतून बोट खाली सरकवत आणा, छातीच्या हाडावर आडवा उंचवटा लागतो. त्याच्या बाजूला दुसरी बरगडी, तिच्याखाली दुसरी फट. तिथून मोजत चौथ्या फटीत या. हाडाच्या उजव्या कडेला व्ही १, डाव्या कडेला व्ही २. मग पाचव्या फटीत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर व्ही ४. व्ही ३ ही व्ही २ आणि व्ही ४ च्या मधोमध, म्हणून ती चौथीनंतर लावायची. व्ही ५ काखेच्या पुढच्या रेषेवर आणि व्ही ६ काखेच्या मधल्या रेषेवर, दोन्ही व्ही ४ च्याच आडव्या पातळीत. बरगडीच्या वळणाबरोबर वर चढवायच्या नाहीत. नजरेने लावणारे लोक व्ही १ आणि व्ही २ हमखास एक-दोन फटी वर लावतात. मग धडधाकट माणसाच्या पट्टीत जुना हार्ट अटॅक किंवा बंडल ब्लॉकसारखं (हृदयातल्या विजेच्या वाटेत अडथळा असल्यासारखं) चित्र उमटतं आणि तो माणूस टूडी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रांगेत जातो. बायकांच्या बाबतीत व्ही ४ पासून पुढच्या इलेक्ट्रोड (कातडीवर टेकवायची वायरची टोकं) स्तनाच्या खाली. आधी काय करणार ते सांगून, पडदा ओढून, ओढणी किंवा चादर देऊन, आणि उचलायला तळहात नव्हे, हाताची पाठ वापरून.

इलेक्ट्रोड म्हणून छातीसाठी रबरी बल्ब आणि हातापायांसाठी क्लॅम्प असा संच सोबत येतो. बल्ब तडकले की पकड जाते. धातूच्या वाटीत वाळलेली जेली साचून हिरवट थर चढला की लहर थरथरते. रोज कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून ठेवायचे, खरवडायचे नाहीत. जेली वाटीपुरतीच लावा. सगळ्या छातीवर पट्टा ओढला तर बल्ब एकमेकांना जोडले जातात आणि व्ही १ ते व्ही ६ सगळ्या भावंडांसारख्या दिसतात. चिकटणाऱ्या इलेक्ट्रोड त्यापेक्षा चांगल्या, पण पाकीट उघडं राहिलं की त्यातली जेल सुकते आणि त्या निकामी होतात.

बारीक, एकसारखी, करवतीसारखी थरथर म्हणजे ५० हर्ट्झची वीज. पंखा, मोबाइल, खाटेची वायर बाजूला करा, प्लग काढून बॅटरीवर घ्या. जुन्या इमारतीत अर्थिंग नसलेला सॉकेट हेच बऱ्याचदा मूळ. वेडीवाकडी बारीक थरथर म्हणजे स्नायू. पेशंट थंडीने, भीतीने ताठलेला आहे, हात बाजूला सैल ठेवा, पांघरूण द्या. रेघ लाटेसारखी वरखाली होते तेव्हा श्वास किंवा सैल इलेक्ट्रोड. कातडी पुसून कोरडी करा, दाट केस कापा. स्नायूंचा फिल्टर हे बटण यंत्रावर सगळ्यात सोयीचं आणि सगळ्यात फसवं. रेघ सुंदर होते, पण टोकं बोथट होतात. इथे यंत्र चूक झाकतं, आणि तीही आपण सांगितल्यावर. आधी माणूस स्थिर करा. फिल्टर शेवटी, आणि लावला तर पट्टीवर त्याची नोंद दिसू द्या.

पट्टीवर छापून येणारं आपोआप निदान शिकण्याच्या काळात बंद ठेवावं. थरथरत्या हाताच्या पट्टीवर यंत्र बिनदिक्कत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची वेडीवाकडी लय) छापतं.

सिम्युलेटरची पेटी

दहा खुंट्या, काही बटणं, ९ व्होल्टची बॅटरी. वायर लावायच्या आणि हवी ती लय निवडायची. शांत ६०, वेगवान १२०, फिब्रिलेशन, टॅकिकार्डिया (अतिवेगवान लय), सपाट रेघ. जशी विकतात तशी वापरली तर निरुपयोगी, कारण खुंट्यांना कातडी नाही, घाम नाही, बरगड्या नाहीत, आणि खुंटीवर रंग छापलेलाच असतो. स्वस्त पेटीत तर छातीच्या सहाही खुंट्यांवर एकच लहर असते. घ्यायच्या आधी यंत्राला जोडून व्ही १ आणि व्ही ६ वेगळ्या येतात का ते बघा.

उलटी वापरली तर मात्र टेबलावरची सर्वोत्तम वस्तू. शिकवणाऱ्याने मुद्दाम लाल-पिवळी अदलाबदल करावी, व्ही १ आणि व्ही ३ फिरवाव्यात, एक वायर अर्धवट सोडावी, पट्ट्या काढाव्यात आणि मुलांना कुठली वायर चुकली ते पट्टीवरूनच सांगायला लावावं. वॉर्डातल्या मॉनिटरलाही हीच पेटी जोडता येते. तीन वायरचा मॉनिटर : लाल उजव्या खांद्याखाली, पिवळी डाव्या खांद्याखाली, हिरवी डावीकडे खाली बरगड्यांच्या शेवटाशी. मॉनिटर लय दाखवायला आहे. एसटी (ठोक्याच्या लहरीतला, हार्ट अटॅकमध्ये बदलणारा भाग) वर आहे की खाली हे त्याच्यावरून ठरवू नये, बारा लीडची पट्टी काढावी. चालू लयीत पिवळी वायर हळूच काढून अलार्म वाजू द्यावा आणि शिकणारा आधी पडद्याकडे जातो की खाटेकडे, ते पाहावं. बोलणाऱ्या पेशंटची सपाट रेघ म्हणजे सुटलेली वायर. न बोलणाऱ्या, नाडी न लागणाऱ्या पेशंटची छान नियमित लय म्हणजे कार्डियाक अरेस्ट (हृदय बंद पडणं), मग पडदा काहीही म्हणो. पेटी नाडी देऊ शकत नाही, म्हणून नाडी आहे की नाही हे शेजारी उभ्या असलेल्याने विचारल्यावरच सांगायचं. न विचारता निदान करणाऱ्याला नापास.

कागदाबद्दल एक. थर्मल पट्टी उन्हात, उष्णतेत आणि काही प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये फिकट होत जाते, स्पिरिटचा बोळा लागला तर डाग पडतो, वर चिकटपट्टी लावली तर लहरी विरतात. सरावाच्या पट्ट्या वहीत चिकटवायच्या असतील तर झेरॉक्स चिकटवा, आणि मूळ पट्टीवर नाव, तारीख, वेळ पेशंट खाटेवर असतानाच लिहा.